हलू नका! उजेड, पोझ आणि समोरचं माणूस

आजचा विषय वाचून काही जण जरा सावरून बसले असतील. स्टुडिओत उघड्या मानवी देहाचं छायाचित्रण, त्यासाठीचा उजेड आणि पोझ. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा याच्याशी काय संबंध, असं आम्हाला विचारलं गेलं. संबंध आहे. त्यासाठी आधी एक घरगुती गोष्ट सांगतो.

मॅट्रिकच्या फॉर्मसाठी आम्ही पहिल्यांदा फोटो काढून घेतला. फोटोग्राफरने एका बोटाने आमची हनुवटी वर केली, खांदे धरून फिरवले आणि म्हणाला, “हलू नका!” त्या क्षणी आम्ही माणूस नव्हतो, मांडून ठेवायची वस्तू होतो. अंगावर इस्त्रीचा शर्ट असताना हे वाटलं. मग जे कपड्यांशिवाय उभे राहतात, त्यांचं काय?

आता पॅरिसला जाऊ. साल 1854, जून महिना. चित्रकार देलाक्रुआ छपन्न वर्षांचा, नामवंत. त्याचा स्नेही यूजेन द्युरिय, पेशाने वकील आणि सरकारी अधिकारी, हौसेने छायाचित्रकार. द्युरियच्या स्टुडिओत दोघांनी मिळून मॉडेलचे फोटो घेतले. कॅमेरा द्युरियचा, पोझ ठरवणारा मुख्यतः देलाक्रुआ. त्यांचा आल्बम आज फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पुढे 1857 मध्ये देलाक्रुआने एक ‘ओदालिस्क’ रंगवली. तिची पोझ त्या आल्बममधल्याच एका फोटोवरून घेतलेली आहे.

हे फोटो बघताना दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली उजेडाची. विजेचे दिवे नव्हते. स्टुडिओ म्हणजे मोठ्या काचांची खोली. काचा शक्यतो उत्तरेला, कारण पॅरिसमध्ये उत्तरेकडून थेट ऊन येत नाही आणि उजेड बराच वेळ एकसारखा राहतो. पडदे ओढून तो कमी-जास्त करायचा. उजेड समोरून आला तर देह सपाट दिसतो, भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखा. तोच वरून आणि एका बाजूने आला की एक कड उजळते, दुसरी हळूहळू अंधारात जाते, आणि मग मांडीची, पाठीची गोलाई डोळ्यांना कळते. सावली फारच काळी झाली तर त्या बाजूला पांढरा कपडा धरायचा, थोडा उजेड परत येतो. आजचे स्टुडिओवालेही मुळात हेच करतात. फक्त खिडकीच्या जागी फ्लॅश आला आणि कपड्याच्या जागी रिफ्लेक्टर.

दुसरी गोष्ट पोझची, आणि आमच्या मते खरी मेख इथे आहे. तेव्हाच्या कागदी निगेटिव्हला उजेड पुरायला बराच वेळ लागे. तेवढा वेळ मॉडेलने निश्चल राहायचं. नुसता हात वर धरून बघा घरी! थोड्याच वेळात बोटं थरथरायला लागतात. म्हणून टेकू हवा. कलाशाळांत तो आधीपासून होताच, कारण चित्रासाठी तर तासन् तास बसावं लागे. हातात काठी द्यायची, छतावरून दोर सोडायचा, कोपर ठोकळ्यावर टेकवायचं, वर कापड टाकून ठोकळा लपवायचा. आणि आपण पुढे म्हणतो, “वा, काय अभिजात पोझ आहे!” अहो, त्या अभिजाततेत ग्रीक शिल्पाइतकाच वाटा दुखणाऱ्या दंडाचा आहे.

देलाक्रुआच्या रोजनिशीत 21 मे 1853 ची एक नोंद आहे. त्याने पाहुण्यांना आधी नग्न मॉडेलचे फोटो दाखवले. त्यातले काही देह बेढब होते. मग पुनरुज्जीवन काळातला नावाजलेला खोदकार मार्कांतोनिओ याची मुद्राचित्रं पुढे ठेवली. तर सगळ्यांना ती मुद्राचित्रंच खोटी, चुकीची वाटू लागली! देहाच्या आदर्शाला पहिल्यांदाच एका खऱ्या, नाव नसलेल्या माणसाने उत्तर दिलं होतं. पण उत्तर देणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही.

आता अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला येऊ. तिथल्या कला अकादमीत टॉमस ईकिन्स शिकवत असे. 1883 च्या सुमारास त्याने उभ्या नग्न देहांची एक फोटोमालिका केली. देहाचा भार कुठून कुठे जातो हे कळावं म्हणून प्रत्येक मॉडेल ठरावीक पोझमध्ये समोरून, बाजूने, पाठीमागून उभं केलं. आमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की ईकिन्स स्वतःही कपडे उतरवून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. जे दुसऱ्याला सांगितलं ते स्वतः केलं. मात्र 1886 मध्ये, विद्यार्थिनी हजर असलेल्या वर्गात त्याने पुरुष मॉडेलचं कमरेचं वस्त्र काढलं, वादळ उठलं आणि त्याला राजीनामा द्यावा लागला. त्या वादात विद्यार्थिनींच्या लाजेची चर्चा झाली, अकादमीच्या अब्रूची झाली. मॉडेलचं मत मात्र इतिहासात आपल्याला सहसा ऐकू येत नाही.

कांट सांगतो की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. त्यातला ‘केवळ’ हा शब्द विसरू नका. मॉडेल साधन असतंच, जसा शिक्षक विद्यार्थ्याचं साधन असतो. पण ते तेवढंच आहे का, हा प्रश्न.

त्याचं एक उत्तर स्टुडिओच्या बाहेर सापडतं. 1936 मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड वेस्टनने कॅरिस विल्सनचा एक नग्न फोटो घेतला. ती दारात उन्हात बसलेली, गुडघे जवळ घेतलेले, मान खाली, चेहरा दिसतच नाही. फोटो जगप्रसिद्ध झाला. पुढे विल्सनने लिहून ठेवलं की वेस्टनला उजव्या हातावरची सावली कायम खटकत राहिली, आणि तिला स्वतःला आपला वाकडा भांग आणि केसांतल्या पिना! बघा, फोटो एकच, तक्रारी दोन. तो देहावरचा उजेड बघत होता, ती स्वतःला बघत होती. 1998 मध्ये तिने स्वतःच्या आठवणींचं पुस्तकच प्रसिद्ध केलं.

आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. स्कूलमधल्या मॉडेलवर ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट 2018 मध्ये आला, तेव्हाही वाद आधी झाला आणि त्या बाईची गोष्ट नंतर पाहिली गेली. म्हणून पुढच्या वेळी असा फोटो समोर आला की नजर चोरू नका आणि नुसते रेंगाळूही नका. उजेड कुठून आला ते शोधा. टेकू कुठे लपवलाय ते शोधा. मग स्वतःला विचारा, “हलू नका” म्हटल्यावर या माणसाने किती वेळ श्वास धरला असेल?

आमचा मॅट्रिकचा फोटो अजून आहे. सगळे म्हणतात छान आलाय. आम्हाला मात्र त्यात ते हनुवटीवरचं बोटच दिसतं.