द्यूत, सरहद्द आणि तिजोरी

दिवाळीच्या पाडव्याला आपल्या परंपरेत आणखी एक नाव आहे : द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती द्यूत खेळले आणि पार्वती जिंकली, अशी कथा सांगितली जाते. बळीची पूजा, वह्यांचे पूजन, पाडव्याची ओवाळणी हे सारे आपण हौसेने करतो; या नावाचा उच्चार मात्र मुलांसमोर सहसा कोणी करीत नाही. तरीही लक्ष्मीपूजनाच्या रात्री पत्त्यांचे डाव कोठे कोठे बसतात, हे आपल्या गावांत कोणापासून लपलेले नाही. जुगार हे पाश्चात्त्यांनी आणलेले खूळ आहे, असे म्हणण्याची सोय म्हणूनच आपल्याला नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. त्यातला जुगारी कर्जबाजारी आहे, बायको त्याच्यापासून दुरावली आहे, सासू त्याचा तिरस्कार करते आणि धनको दाराशी आले की आईबाप-भाऊ त्याला ओळखही देत नाहीत. हजारो वर्षांत या चित्रात बदलण्यासारखे फारसे काही झालेले नाही.

बदलले आहे ते एवढेच, की जुगाराचा अड्डा आता दिव्यांनी झगमगणारा, वातानुकूलित आणि सरकारमान्य झाला आहे. त्याला कॅसिनो म्हणतात. कॅसिनोमुळे आसपासच्या समाजाचे भले होते की वाटोळे, हा वाद गोव्यात तीन दशके चालू आहे. आपण सीमाभागातले लोक तो वाद वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. ही शेजारच्या घरची भांडणे आहेत, अशी आपली समजूत. ती समजूत कितपत खरी, हे इतिहासाच्या आधाराने तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कौटिल्याचा व्यवहार

राज्याने जुगाराशी कसे वागावे, याविषयी आपल्याकडे फार पूर्वीपासून दोन मते आहेत. मनूने राजाला द्यूत राज्यातून हद्दपार करण्यास सांगितले. कौटिल्याने व्यवहार पाहिला. त्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठरलेल्या जागी चालवावा, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड करावा, फासे अधिकाऱ्याने पुरवावेत आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजाने घ्यावेत, असा त्याचा नियम. यामागे महसूल होताच. शिवाय चोरटा पैसा बाळगणारे लोक अशा जागी आपोआप सापडतात, हाही हिशेब होता.

जगातल्या आजच्या प्रत्येक कॅसिनो कायद्याचा सांगाडा हाच आहे : एक जागा, एक परवाना, एक अधिकारी आणि राज्याचा वाटा. कौटिल्याच्या राज्यात मात्र हरणारा आणि महसूल घेणारा एकाच राजाची प्रजा होती. हरणाऱ्याचे घर बसले, तर शेतसारा बुडणार तोही त्याच राजाचा. पुढच्या काळात हे नाते तुटले. आपल्या दृष्टीने इतिहासातली खरी महत्त्वाची घटना तीच आहे.

लिंबे गेली, चक्र आले

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मोनॅको नावाचे चिमुकले संस्थान आहे. मांतों आणि रोकब्र्यून ही त्याची दोन गावे लिंबू-ऑलिव्हची आणि उत्पन्न देणारी. १८४८ साली त्या गावांनी बंड केले आणि १८६१ मध्ये ती कायमची फ्रान्सकडे गेली. राजाजवळ उरला एक खडक आणि रिकामी तिजोरी. तेव्हा फ्रान्सवा ब्लां या जर्मनीतील होम्बुर्ग येथे जुगारगृह चालविणाऱ्या गृहस्थाला पाचारण करण्यात आले. १८६३ मध्ये त्याने मक्ता घेतला, १८६८ मध्ये रेल्वे आली आणि १८६९ मध्ये राजाने प्रजेचे प्रत्यक्ष कर माफ केले. म्हणजे कॅसिनोने मोनॅकोचे भले केले का? निःसंशय केले.

परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. एक, फ्रान्सने आपली जुगारगृहे १८३७ च्या अखेरीस बंद केली होती आणि जर्मन साम्राज्याने १८७२ च्या अखेरीस. शेजाऱ्यांची बंदी हेच मोनॅकोचे भांडवल होते. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. मोनॅकोच्या नागरिकांना स्वतःच्याच कॅसिनोत खेळण्यास मनाई होती. राजाला ठाऊक होते, की हे दुकान गिऱ्हाइकांसाठी आहे, घरच्यांसाठी नव्हे.

गोव्याचे जुने भावंड

चीनच्या किनाऱ्यावरील मकाव आणि गोवा ही एकाच घरातली भावंडे. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या पोर्तुगीज शासनाखाली होता. अफूच्या युद्धानंतर शेजारी हाँगकाँग इंग्रजांकडे गेले, तेथील बंदर भरभराटीला आले आणि मकावचा व्यापार ओसरला. १८४७ च्या सुमारास तेथील पोर्तुगीज सत्तेने जुगाराला कायदेशीर मान्यता दिली. इथेही तोच क्रम दिसतो. जुना धंदा बसला, की राज्यकर्त्यांना फासा आठवतो.

१९६२ पासून चाळीस वर्षे एकाच कंपनीकडे मक्ता होता. १९९९ मध्ये मकाव चीनकडे परत गेले, २००२ मध्ये मक्तेदारी संपली, परदेशी कंपन्या आल्या आणि २००६ मध्ये मकावने लास व्हेगासच्या मुख्य रस्त्यावरील कॅसिनोंनाही उत्पन्नात मागे टाकले. २०१३ मध्ये तेथील कॅसिनोंचे उत्पन्न ४५ अब्ज डॉलरच्या घरात पोहोचले. मुख्य भूमीवर जुगाराला बंदी, त्यामुळे गिऱ्हाईक सारे सरहद्दीपलीकडून येणारे. सरकारी उत्पन्नाचा फार मोठा हिस्सा या एकाच धंद्यातून येऊ लागला आणि २००८ पासून रहिवाशांना दरवर्षी रोख रक्कम वाटण्याची प्रथा पडली.

शिक्षक म्हणून मला त्यातली दुसरीच गोष्ट अधिक जाणवते. पत्ते वाटण्याची नोकरी स्थानिकांसाठी राखून ठेवलेली आणि पगार घसघशीत. मग पुढे कशाला शिकायचे, असे तरुण मुलांना वाटू लागले. २०१२ मध्ये कॅसिनोत काम करण्याचे किमान वय अठराचे एकवीस करावे लागले. सरकारी नोकरांना एरवी तेथे खेळण्याची बंदी. पुढे कॅसिनोतील कर्मचाऱ्यांनाही कामाच्या वेळेबाहेर आत जाण्यास मनाई झाली. २०२० मध्ये महामारीने सरहद्द बंद झाली आणि उत्पन्न एका वर्षात एक-पंचमांशाच्या आसपास आले. एका खांबावर उभी केलेली इमारत किती हलू शकते, ते त्या वर्षी दिसले.

अटलांटिक सिटीचा धडा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अटलांटिक सिटी हे जुने हवा खाण्याचे गाव. विमाने स्वस्त झाली, लोक दूरदूर जाऊ लागले आणि गावाला उतरती कळा लागली. १९७६ मध्ये न्यू जर्सी राज्यातील मतदारांनी या एका शहरापुरती कॅसिनोला परवानगी दिली. म्हाताऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी कराचा वाटा राखून ठेवला. १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. हजारो नोकऱ्या आल्या, हे नाकारता येत नाही. परंतु खाणे, पिणे, निजणे सारे कॅसिनोच्या भिंतींआड. पाहुणा गाडीतून उतरे तो आत, आणि निघे तो गाडीत. रस्त्यावरच्या दुकानदाराला त्याचे दर्शनही दुर्मिळ. १९७० मध्ये सुमारे ४८ हजार असलेली गावची लोकसंख्या २०१० मध्ये ४० हजारांच्या खाली आली.

पुढे शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने २००६ पासून स्वतःचे कॅसिनो उघडले, न्यूयॉर्कनेही दारे किलकिली केली. ज्या बंदीच्या भांडवलावर धंदा उभा होता, तेच संपले. २०१४ या एका वर्षात बारांपैकी चार कॅसिनो बंद पडले, सुमारे आठ हजार लोकांची नोकरी गेली आणि २०१६ मध्ये नगरपालिकेचा कारभार राज्य सरकारला ताब्यात घ्यावा लागला.

मांडवीतील जहाजे

आता आपल्या उंबऱ्याशी येऊ. गोव्यात जत्रेतला जुगार जुना, मटकाही होताच. १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने जुगाराला बंदी होती. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील जुगाराला मुभा मिळाली. १९९६ मध्ये जहाजांवर प्रत्यक्ष पत्ते व चक्राच्या खेळांना. 'कॅरावेला' हे त्यातले पहिले जहाज. 'समुद्रातील जहाज' म्हणून परवाना दिलेली ही जहाजे प्रत्यक्षात पणजीसमोर मांडवीत नांगर टाकून उभी राहिली. २०१७ च्या पावसाळ्यात त्यांतले एक मिरामारच्या वाळूत रुतून बसले होते, ते अनेकांना आठवत असेल. विरोधात असताना 'जहाजे हटवा' म्हणणारे सत्तेवर आले, की मुदतवाढ देतात, हा अनुभव गोवेकरांनी सर्व रंगांच्या सरकारांकडून घेतला आहे.

त्याचे कारण केवळ राजकारण्यांची लबाडी नव्हे. २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या. तिजोरीला भोक पडले असता हाताशी असलेला महसूल कोण सोडणार? मोनॅकोची लिंबे, मकावचे बंदर, गोव्याच्या खाणी. कथा एकच आहे. हॉटेलवाला, टॅक्सीवाला, जहाजावर काम करणारा तरुण यांची पोटे त्यावर भरतात, हेही खरे. त्यांना पर्याय न देता नुसते नीतीचे पाठ देणे शहाणपणाचे नाही.

मात्र १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याने स्थानिक रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास बंदी केली. निर्णय योग्यच. आपल्या माणसांची काळजी कोणतेही सरकार घेईल. पण त्यातून एक कबुली आपोआप दिली गेली, की ही वस्तू घरात ठेवण्याजोगी नाही. मग ती कोणासाठी आहे? महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही केला. कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरी बंद केली. दोन मोठ्या शेजाऱ्यांची दारे बंद, म्हणून मधल्या दारात गर्दी. ते गिऱ्हाईक आपण आहोत.

आपल्या बाजूचे पान

म्हादई नदी आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात मांडवी होते. तिच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा यांत केवढे रण माजले आहे! लवाद, न्यायालये, मोर्चे. त्याच नदीच्या मुखाशी शनिवार-रविवारी आपल्या भागातला जो पैसा चोर्ला घाटातून उतरून वाहून जातो, त्याची मोजदाद मात्र कोणताही लवाद करीत नाही.

कॅसिनोवरील वस्तू व सेवा कर १ ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. त्यातला राज्याचा वाटा गोव्याला मिळतो, कारण व्यवहार तेथे झाला. कर्ज मात्र बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सांगलीच्या घरांत फिटायचे असते. जमाखर्चाची दोन पाने दोन राज्यांत पडली, की जमेच्या पानावर सारे आबादीआबाद दिसते. कॅसिनोने समाजाचे भले होते, असे सांगणारे बहुधा खोटे बोलत नाहीत. ते एकच पान वाचून दाखवितात.

शाळेच्या कचेरीत बसले, की दुसरे पान दिसते. एखाद्या मुलाची फी दोन सत्रे थकते, चांगली चाललेली मुलगी मध्येच दाखला मागते, आईच्या गळ्यातले काळे मणी तेवढे राहतात आणि डोरले दिसत नाही. कारण कोणी सांगत नाही. दाखल्याच्या रकान्यात 'घरगुती अडचण' असे लिहिले जाते. या सगळ्यांचे मूळ पणजीतच आहे, असे मी म्हणणार नाही. मटका आपल्याच मुंबईने साठीच्या दशकात घडविला आणि 'ओपन-क्लोज' हे शब्द पानटपरीवरच्या पोरालाही ठाऊक झाले. अलीकडे तर जुगार खिशातल्या फोनमध्ये शिरला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला. दोष एकट्या गोव्याचा नाही. पण फोनवर बंदी येते आणि नदीतल्या जहाजावर परवाना मिळतो, तेव्हा नीतीपेक्षा महसूल कोठे मोजता येतो, हाच प्रश्न शिल्लक राहतो.

मग करावे काय? सिंगापूरने २०१० मध्ये कॅसिनो उघडले, तेव्हाच एक तरतूद केली. खेळणाऱ्याच्या कुटुंबीयांना अर्ज करता येतो आणि चौकशीअंती त्या माणसाला कॅसिनोचे दार बंद करण्याचा हुकूम निघतो. स्थानिकांना प्रवेशासाठी दिवसाला जबर शुल्क तर आहेच. आपल्याकडे अशी तरतूद गोव्याने परराज्यातील पाहुण्यांनाही लागू करावी. बेळगावची किंवा कोल्हापूरची पत्नी, आई, बाप यांना अर्ज करता यावा. ही मागणी अवास्तव नाही. तीनही राज्यांचे आमदार एका ठरावापुरते तरी एकत्र येऊ शकतात. सीमेवरच्या माणसाने आजवर सीमेविषयी पुष्कळ ठराव पाहिले आहेत. हा एक घराविषयीचा असेल.

सभापर्वात धर्मराज हरला आणि द्रौपदीला सभेत ओढून आणले, तेव्हा तिने विचारले होते : स्वतःला आधी हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय? भीष्मासारख्या ज्ञात्यालाही उत्तर सुचले नाही. कॅसिनो हितकारक की घातक, या वादात सरकार बोलते, कंपनी बोलते, हॉटेलवाले बोलतात. डावात नसताना पणाला लागलेल्या बाईला आणि तिच्या लेकरांना अजून कोणी विचारलेले नाही. यंदा पाडव्याला पत्ते पिसण्यापूर्वी आपण आपल्याच घरात तो प्रश्न विचारून पाहावा.