टीव्ही स्टिक दोन-तीन वर्षांत का मंदावते? विद्यानगरच्या घरांतल्या तक्रारी, कारणे आणि ग्राहकाचे हक्क

विद्यानगर (हुबळी) : टीव्ही चांगला, नेट चांगलं, मग ही स्टिकच का अडकते? विद्यानगरातल्या अनेक मराठी घरांत संध्याकाळी हा प्रश्न निघतो. रिमोटचं बटण दाबलं की दहा सेकंद काही होत नाही, मग तीन ॲप एकदम उघडतात आणि मधेच पडदा काळा होतो. घरातले एकजण नेटवाल्याला फोन लावतात, दुसरे स्टिक काढून पुन्हा खोचतात. चार दिवस ठीक चालतं, पुन्हा तेच.

हुबळी-धारवाड रस्त्यालगतचा हा भाग शिक्षणाचा. १९४७ साली सुरू झालेले बी. व्ही. भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे आताचे के.एल.ई. तंत्रज्ञान विद्यापीठ, इथलेच. किम्स रुग्णालयही इथेच. त्यामुळे भाड्याच्या खोल्या, पीजी, हॉस्टेल भरपूर. खोली बदलली की डिश सोडवून नेण्यापेक्षा खिशात मावणारी स्टिक सोयीची पडते.

मराठी कुटुंबांसाठी याला आणखी एक बाजू आहे. २०१९ च्या सुरुवातीला ट्रायची नवी दरपद्धत आली आणि वाहिन्या निवडून घेणे सुरू झाले. कर्नाटकात विकल्या जाणाऱ्या पॅकमध्ये भर कन्नड वाहिन्यांवर असतो, मराठी वाहिनी पाहायची तर बहुधा वेगळी मागून घ्यावी लागते. स्टिकवर मात्र मराठी मालिका, नाटक, सिनेमा, कीर्तन हे हुबळीतही तसेच दिसते जसे कोल्हापुरात. म्हणून ती बंद पडली की घरातल्या आजी-आजोबांची मराठीच बंद पडल्यासारखी होते.

स्टिक आली कशी, किमती काय होत्या

गुगलचे क्रोमकास्ट भारतात डिसेंबर २०१४ मध्ये २,९९९ रुपयांना आले. त्याला रिमोट नव्हता, मोबाईलवरून टीव्हीवर चित्र पाठवायचे. एप्रिल २०१७ मध्ये ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक ३,९९९ रुपयांना आली, रिमोटसह. २०२० मध्ये शाओमीची एमआय टीव्ही स्टिक २,७९९ रुपयांना आली. टाटा स्काय, एअरटेल, जिओ यांनीही ॲप चालवणारे सेट टॉप बॉक्स दिले. साध्या टीव्हीला स्मार्ट करण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग ठरला.

तक्रारी कोणत्या

ग्राहकांची नाराजी साधारण चार गोष्टींवर असते.

१) वेग : नवी असताना झटपट चालणारी स्टिक अपडेटनंतर मंदावते.

२) जाहिराती : विकत घेतली तेव्हा होम स्क्रीनवर आपली ॲप दिसायची, आता आधी भला मोठा जाहिरातीचा पट्टा दिसतो.

३) बदललेली मांडणी : सवयीचे बटण एका रात्रीत दुसरीकडे जाते. तरुणांना दोन दिवसांत सापडते, ज्येष्ठांना पुन्हा शिकवावे लागते.

४) ॲप बंद होणे : उपकरण धडधाकट असते, पण ॲप म्हणते, हे मॉडेल आता चालणार नाही.

चौथा प्रकार नवा नाही. १ डिसेंबर २०१९ पासून नेटफ्लिक्सने काही जुन्या सॅमसंग टीव्हींवर आणि रोकूच्या जुन्या उपकरणांवर चालणे बंद केले. त्या टीव्हींचा पडदा आणि स्पीकर तेव्हाही नीट चालत होते.

असं का होतं?

पहिलं कारण मेमरीचं. स्वस्त स्टिकमध्ये बहुतेक १ जीबी रॅम आणि ८ जीबी साठवण असते. त्यातली बरीच जागा मूळ प्रणालीच खाते. ॲप मात्र दर वर्षी जड होत जातात. दोन माणसांच्या खोलीत पाच माणसं राहायला आली तर जे होईल तेच इथे होतं.

दुसरं कारण धंद्याचं. २०१२ मध्ये ॲमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी सांगितले होते की, कंपनीला उपकरण विकताना नव्हे, लोक ते वापरतात तेव्हा पैसा कमवायचा आहे. म्हणजे स्टिक कमी नफ्यात विकायची आणि पुढे वर्गणी, खरेदी, जाहिराती यांतून वसूल करायचे. वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर ग्राहकाने एकदाच पैसे दिले, पण कंपनीचा अपडेटचा खर्च दर वर्षी चालूच राहतो. जुन्या मॉडेलवर तो करण्यात तिला फारसा फायदा दिसत नाही आणि होम स्क्रीनवर जाहिरात लावण्यात मात्र दिसतो. २०२३ च्या अखेरीस फायर टीव्ही सुरू करताच आपोआप चालणाऱ्या व्हिडिओ जाहिराती दिसू लागल्या, त्या याच हिशेबाने.

तिसरं कारण घाईचं. सॉफ्टवेअर आधी पाठवायचं, चुका नंतर दुरुस्त करायच्या, ही सवय सगळीकडे वाढली आहे. मे २०२४ मध्ये सोनोस या नामांकित स्पीकर कंपनीने नवे ॲप आणले. त्यात आधीच्या अनेक सोयीच नव्हत्या. महागडे स्पीकर घेतलेले ग्राहक इतके चिडले की कंपनीला जाहीर माफी मागावी लागली आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रमुखांना पद सोडावे लागले.

९ मार्च २०२५ : एका दिवसात क्रोमकास्ट मुके

स्टिक आपली, पण तिची किल्ली दुसऱ्याकडे, हे जगाला त्या दिवशी कळले. दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ ही उपकरणे जगभर एकदम चालेनाशी झाली. मोबाईल आणि क्रोमकास्ट एकमेकांना ओळखतात ते एका डिजिटल प्रमाणपत्रावर. त्याची मुदत दहा वर्षांची होती आणि ती संपली. वेळेत नवे देण्याचे राहून गेले.

गुगलने ग्राहकांना सांगितले की फॅक्टरी रिसेट करू नका. चार-पाच दिवसांत दुरुस्तीचे अपडेट येऊ लागले आणि ज्यांनी थांबून वाट पाहिली त्यांची उपकरणे बहुतांशी आपोआप सुरू झाली. ज्यांनी घाईने रिसेट केले त्यांना पुन्हा जोडणी करताना जास्त त्रास झाला. धडा साधा आहे : अचानक सगळंच बंद पडलं तर आधी बातमी बघावी, मग रिसेटला हात घालावा.

दोष कुणाचा, हे कसं ओळखायचं?

सगळ्याचा राग स्टिकवर काढण्यात अर्थ नाही. नेट, वीज, प्रणाली आणि ॲप यांपैकी कोण अडखळतंय ते पाहावे.

एकच ॲप अडकत असेल तर दोष त्या ॲपचा. जून २०२५ पासून प्राइम व्हिडिओवर भारतात जाहिराती आल्या, त्याचा स्टिकशी संबंध नाही. त्या नको असतील तर वेगळे पैसे भरावे लागतात.

मोबाईलवरही तेच अडकत असेल तर नेट तपासावे. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि फोरकेसाठी १५ एमबीपीएस वेग पुरतो. राऊटर दुसऱ्या खोलीत असेल तर भिंतीही आड येतात.

स्टिक स्वतःहून बंद-चालू होत असेल तर आधी वीज पाहावी. बरेच जण ती टीव्हीच्या यूएसबी पोर्टला जोडतात. तिथून पुरेसा करंट मिळेलच असे नाही. सोबत आलेला ॲडॉप्टरच भिंतीच्या सॉकेटला लावावा. उन्हाळ्यात टीव्हीच्या मागे स्टिक तापते. डब्यातली छोटी एचडीएमआय वायर लावून ती थोडी बाहेर काढली तर फरक पडतो.

हॉस्टेल किंवा पीजीच्या वायफायला आधी वेब पानावर लॉगिन करावे लागत असेल तर रिमोट नसलेले जुने क्रोमकास्ट त्यावर जोडले जात नाही. फायर टीव्हीवर ते पान उघडता येते. विद्यार्थ्यांनी घेण्याआधी हे पाहावे.

हे सगळं ठीक असेल तर नको ती ॲप काढावीत, कॅशे साफ करावी. फायर टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये प्रेफरन्सेसखाली ‘फीचर्ड कंटेंट’ मध्ये आपोआप चालणारा व्हिडिओ आणि आवाज बंद करता येतो. गुगल टीव्हीवर ‘ॲप्स ओन्ली मोड’ लावला तर होम स्क्रीन बरीच मोकळी होते. स्टिक यामुळे नवी होत नाही, पण वर्षभर आणखी चालू शकते.

बिननावाच्या बॉक्सपासून सावध

वैतागलेला ग्राहक मग ‘सगळे चॅनल फुकट’ म्हणणाऱ्या बिननावाच्या बॉक्सकडे वळतो. इथे धोका मोठा आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ बद्दल जाहीर इशारा दिला. अशी काही उपकरणे विकण्याआधीच दूषित असतात, काहींत पहिल्या जोडणीवेळी घातक ॲप शिरते, आणि तुमच्या घरचं नेट गुन्हेगारांना वापरायला मिळतं. पुढच्याच महिन्यात गुगलने या टोळीविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल केला. त्यात अशा उपकरणांचा आकडा एक कोटीहून जास्त सांगितला आहे. प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगणारा किंवा कंपनीचं नाव नसलेला बॉक्स घरात आणू नये. त्याच वायफायवर आपला बँकेचा मोबाईलही असतो.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सीमाभागातल्या ग्राहकाला त्यातली एक तरतूद फार उपयोगाची आहे : तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. विक्रेता मुंबईचा असो की बंगळूरचा, विद्यानगरच्या माणसाने धारवाड जिल्हा आयोगात, बेळगावच्या माणसाने बेळगावात आणि गडहिंग्लजच्या माणसाने कोल्हापुरात जावे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तिथे मराठी आणि कन्नड दोन्हींत बोलता येते. बिल, डब्याचा फोटो आणि बिघाडाचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ जपून ठेवावा.

एक मोठी उणीव मात्र आहे. स्टिकला किती वर्षे अपडेट द्यायचे, हे या कायद्यात कुठेही ठरवलेले नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळणार हे सांगणे उत्पादकाला बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या नव्या कायद्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, त्यात साधारणपणे किमान पाच वर्षांची मुदत आहे. भारतात दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यात सॉफ्टवेअर अपडेट हा एक निकष आहे, पण सुरुवात मोबाईल आणि टॅबलेटपासून व्हायची आहे.

घेण्याआधी पाच प्रश्न

१) सुरक्षा अपडेट कधीपर्यंत? ॲमेझॉन अनेक फायर टीव्ही उपकरणांसाठी, नवे विकणे थांबल्यानंतर किमान चार वर्षे, असे लिहिते. पण ती हमी सुरक्षेची आहे, वेगाची किंवा प्रत्येक ॲप चालण्याची नव्हे.

२) रॅम किती? दोन जीबी मिळत असेल तर चारपाचशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

३) हे मॉडेल बाजारात कधी आले? सेलमध्ये स्वस्त मिळणारे बऱ्याचदा जुने असते.

४) घरात लागणारी मराठी ॲप त्यावर आहेत का? सप्टेंबर २०२५ मध्ये ॲमेझॉनने वेगा ही नवी प्रणाली जाहीर केली. तिच्यावर ॲमेझॉनच्या स्टोअरबाहेरचे ॲप टाकता येत नाही.

५) ॲडॉप्टर आणि वॉरंटीचे बिल डब्यात आहे का?

हिशेब सोपा आहे. चार हजारांची स्टिक चार वर्षे चालली तर वर्षाला हजार रुपये, दोनच वर्षे चालली तर दोन हजार. टीव्ही दहा वर्षे टिकतो म्हणून स्टिकही टिकेल, असे धरून चालू नये. आणि जुनी स्टिक कचऱ्याच्या डब्यात टाकण्याआधी खात्यातून लॉगआऊट करून ई-कचऱ्यात द्यावी. तिच्यात तुमचा पासवर्ड अजून असतो.