उच्च दाबाच्या रोहित्रांतील निरोधक तेल

विद्युत रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) टाकीत गाभा आणि वेटोळी ज्यात बुडवलेली असतात ते तेल. वेटोळ्यांच्या थरांमध्ये आणि वेटोळे व टाकी यांच्यामध्ये ठिणगी पडू न देणे आणि आत निर्माण होणारी उष्णता रेडिएटरपर्यंत नेणे ही त्याची दोन कामे. तांब्याच्या वाहकांवर गुंडाळलेला सेल्युलोजचा कागद हा निरोधनातला त्याचा जोडीदार. तेल गाळता येते, बदलताही येते; कागद मात्र एकदा ठिसूळ झाला की वेटोळीच नव्याने घालावी लागतात. म्हणून तेलातल्या कोणत्याही सुधारणेची खरी कसोटी एकच : तिच्यामुळे कागद किती वर्षे टिकतो?

खनिज तेल रोहित्रांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. सुरुवातीच्या पॅराफिनी तेलात थंडीत मेण धरत असे आणि जुनेपणी गाळ साचत असे. त्यामुळे पुढे नॅफ्थेनी तेलाने त्याची जागा घेतली. १९३० च्या सुमारास पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल (पीसीबी) द्रव बाजारात आले. ते सहजी पेट घेत नसत, म्हणून इमारतींतल्या रोहित्रांसाठी त्यांची मोठी वाहवा झाली. १९६८ मध्ये जपानमध्ये तांदळाच्या कोंड्याच्या तेलात पीसीबी मिसळले गेले, हजारो लोकांना विषबाधा झाली आणि या द्रवांचा धोका जगापुढे आला. अमेरिकेत १९७९ मध्ये त्यांच्या उत्पादनावर बंदी आली. २००१ च्या स्टॉकहोम कराराने पीसीबी असलेली उपकरणे २०२५ पर्यंत वापरातून काढण्याचे उद्दिष्ट ठेवले. प्रयोगशाळेतले आकडे कितीही चांगले असोत, तेल गळल्यावर माती-पाण्यात त्याचे काय होते हे तपासल्याशिवाय त्याला सुधारित म्हणू नये, हा धडा फार महागात मिळाला.

तेलाचा मुख्य शत्रू पाणी. २० अंश सेल्सिअसला खनिज तेलात दर दहा लाख भागांत साधारण ५५ भाग पाणी विरघळते, पण याहून कितीतरी कमी पाण्यानेही निरोधनशक्ती ढासळते. तपासणीसाठी तेलाच्या भांड्यात २.५ मिलिमीटर अंतरावर दोन इलेक्ट्रोड ठेवतात, दर सेकंदाला २ किलोव्होल्ट या वेगाने दाब चढवतात आणि सहा वेळा ठिणगी पडू देऊन सरासरी काढतात. तेलात ओलसर धागा तरंगत असेल तर विद्युतक्षेत्र त्याला ओढून इलेक्ट्रोडांच्या मधोमध आणते, आणि त्या पुलावरून ठिणगी अपेक्षेपेक्षा फार आधी पडते. निर्वात यंत्रात तापवून, ओलावा आणि वायू काढून गाळलेल्या नव्या तेलाने ७० किलोव्होल्ट तरी सोसले पाहिजेत, अशी आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा आहे. तेल कोरडे झाले तरी काम संपत नाही. रोहित्रातला बहुतेक सगळा ओलावा कागदात दडलेला असतो आणि तेल तापले की तो पुन्हा तेलात उतरतो.

दुसरा शत्रू ऑक्सिजन. उष्णता आणि तांबे यांच्या सान्निध्यात ऑक्सिजनमुळे तेलाचे आम्ल बनते, मग गाळ. आम्ल कागदातल्या सेल्युलोजची रेणुसाखळी तोडते. डीबीपीसी हा ऑक्सिडेशनरोधक अल्प प्रमाणात, फार तर ०.४ टक्के, मिसळला की ही क्रिया बराच काळ थोपते. आम्ल झालेले तेल फुलर्स अर्थ या शोषक मातीतून गाळून पुन्हा वापरण्याजोगे करता येते, मात्र त्यानंतर रोधकाची मात्रा पुन्हा भरावी लागते. ऑक्सिडेशन रोखतानाही सावध राहावे लागते. २००० नंतर काही देशांत मोठी रोहित्रे निकामी झाली. त्यांच्या तेलातील डायबेन्झिल डायसल्फाइडमुळे तांब्याचे सल्फाइड बनून कागदावर बसले होते. ऑक्सिडेशन रोखणाऱ्या गंधकाच्या संयुगानेच निरोधन पोखरले.

आजची सर्वांत लक्षवेधी सुधारणा म्हणजे एस्टर. सोयाबीनसारख्या बियांपासूनच्या नैसर्गिक एस्टरचा ज्वलनबिंदू ३०० अंशांच्या वर असतो, तर खनिज तेलाचा १७० च्या आसपास. ते जैवविघटनशील असते आणि खनिज तेलाच्या कितीतरी पट पाणी विरघळवून घेते. ते कागदातला ओलावा ओढून घेते, म्हणून कागद सावकाश म्हातारा होतो. पण ते अधिक दाट असल्याने शीतनलिका त्यानुसार आखाव्या लागतात, आणि हवेशी संपर्क आल्यास ते घट्ट होत जाते म्हणून टाकी बंदिस्त लागते. टोकदार भागांपाशी, विजेच्या आवेगासारख्या धक्क्यात, एस्टरमध्ये ठिणगी खनिज तेलापेक्षा लवकर वेग घेते. अतिउच्च दाबाला याची भीती खरी आहे. तरीही जर्मनीत ब्रुखझाल येथे ४२० किलोव्होल्टचे वनस्पती तेलाचे रोहित्र उभे राहिले. आराखडा तेलाच्या स्वभावाप्रमाणे केला तर हे जमते. नॅनोकण मिसळलेल्या तेलाने काही प्रयोगांत चांगली सहनशक्ती दाखवली आहे, पण कण तळाशी बसण्याची अडचण सुटेपर्यंत ते मोठ्या रोहित्रात भरू नये.

मुंबईस्थित अपार आणि सविता या कंपन्या रोहित्र तेलाच्या मोठ्या उत्पादक आहेत. कोकणातल्या पावसाळी हवेत मात्र तेलाच्या गुणवत्तेइतकेच लक्ष श्वसन नळीवरच्या ब्रीदरकडे हवे. त्यातली निळी सिलिका जेल गुलाबी झाली की ती ओलाव्याने भरलेली असते. ती न बदलता टाकीत महागडे तेल भरण्यात अर्थ नाही. नव्या तेलाचा खर्च करण्याआधी जुन्या तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी करावी. ॲसिटिलीन आढळले तर आत विद्युतचाप झाल्याची शंका धरून रोहित्र तपासावे. तेल बदलून तो दोष जात नाही.