चाच्याची कन्या आणि सम्राटाचा जावई

वक्तृत्वस्पर्धेचा दिवस जवळ आला, की ‘विज्ञान : शाप की वरदान’ या गोत्रातले विषय आमच्या विद्यालयांच्या फलकांवर वर्षानुवर्षे झळकतात, आणि बोलणाऱ्याच्या आयुष्याशी ज्यांचा सुतराम संबंध नाही अशा गोष्टींवर त्याला तावातावाने बोलावयास लावण्याच्या या पद्धतीस कोणी हसले, तर ते हसणे अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. ते नवे मात्र नाही. रोममधील वक्तृत्वशाळांच्या विषयांची अशीच टवाळी पेट्रोनिअस, टॅसिटस आणि ज्युव्हेनल यांनी पहिल्या-दुसऱ्या शतकांत केलेली आहे. त्यांची तक्रार खोटी नव्हती. परंतु हे विषय व्यवहारापासून दूर होते म्हणून ते निरुपद्रवी होते असे जर कोणी मानील, तर इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देणार नाही.

या विषयांचा मोठा दफ्तरखाना आपल्याला लाभला तो थोरल्या सेनेकामुळे. हा तत्त्वज्ञ सेनेकाचा पिता, स्पेनमधील कोर्दोबाचा राहणारा. तरुणपणी दोन हजार नावे ऐकून ती त्याच क्रमाने परत म्हणून दाखविण्याइतकी त्याची स्मरणशक्ती तल्लख होती असे तो स्वतःच सांगतो, आणि ते सांगताना संकोच करीत नाही. वार्धक्यात, तिघा पुत्रांच्या आग्रहावरून, आपण ऐकलेल्या वक्त्यांचे वेचे त्याने लिहून काढले. शाळांतून विषय दोन प्रकारचे असत. एकात इतिहासातील किंवा पुराणातील एखाद्या पुरुषास ऐन पेचप्रसंगी मसलत द्यावयाची : अलेक्झांडरने महासागरात गलबते लोटावीत की नाहीत, थर्मोपिलीच्या खिंडीत उरलेल्या तीनशे स्पार्टन वीरांनी पळ काढावा की नाही. दुसऱ्यात एक कायदा व एक हकीकत दिली जाई, आणि त्यावर फिर्यादीच्या किंवा प्रतिवादीच्या बाजूने बोलावे लागे.

एक हकीकत अशी. चाच्यांच्या हाती सापडलेला एक तरुण खंडणीसाठी बापाला पत्र लिहितो. बाप सोडवीत नाही. चाच्यांच्या नायकाची कन्या, ‘सुटलास तर माझ्याशी लग्न करशील’ अशी शपथ त्याच्याकडून घेते, आपल्या बापाला सोडून त्याच्याबरोबर पळून येते, आणि तो शब्द पाळतो. पुढे एक श्रीमंत पोरकी मुलगी सून म्हणून डोळ्यांत भरल्यावर बाप हुकूम करतो, की चाच्याच्या पोरीला टाक व हिच्याशी लग्न लाव. मुलगा नाकारतो, आणि बाप त्याला वारशातून बेदखल करतो. आता बोला. संगीत नाटकाला पाच अंक पुरतील एवढा ऐवज या चार ओळींत आहे, आणि मध्ययुगातील ‘गेस्टा रोमानोरम’ या कथासंग्रहाने तो उचललाही. मात्र खऱ्या इजलासात असा दावा उभा राहण्याचा संभव कितीसा?

तो नव्हताच, आणि त्याचा परिणामही दिसून येई. पोर्किउस लाट्रो हा या शाळांतला अग्रगण्य वक्ता; पण स्पेनमध्ये एका आप्ताच्या खटल्यात उघड्या चौकात उभे राहण्याचा प्रसंग येताच तो इतका गोंधळला, की पहिल्याच वाक्यात व्याकरण चुकला, आणि काम छपराखाली हलविले गेले तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. अल्बुकिउस सिलुस याची गत याहून वाईट. वारशाचे दावे चालविणाऱ्या ‘शंभरांच्या न्यायालयात’ तो भाषणाच्या आवेशात प्रतिपक्षाला म्हणाला, की शपथेवर निकाल हवा आहे ना, मग आपल्या पित्याच्या रक्षेची शपथ घे. प्रतिपक्षाचा वकील अरुन्तिउस तत्काळ उठून म्हणाला, की अट कबूल आहे, माझा अशील शपथ घेईल. अल्बुकिउस ओरडत राहिला, की ही अट नव्हे, हा अलंकार आहे. परंतु न्यायाधीशांना अलंकाराशी कर्तव्य नव्हते. खटला गेला, आणि या गृहस्थाने पुन्हा कधी कोर्टाची पायरी चढली नाही.

एवढ्यावरच थांबले, तर टवाळखोरांचा पक्ष बळकट होतो. परंतु हे विषय ज्या काळी बहरास आले तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. इ. स. पूर्व ४३ च्या डिसेंबरात सिसेरोचा वध झाला, त्याचे मस्तक व हात वक्त्यांच्याच व्यासपीठावर टांगले गेले, आणि पुढे प्रजासत्ताक संपून एका पुरुषाची सत्ता कायम झाली. खुद्द हा वधच मग शाळांतला विषय झाला : सिसेरोने आपला वैरी अँटनी याची क्षमा मागावी काय? प्राणांच्या मोबदल्यात आपले ग्रंथ जाळावेत काय? दुसऱ्या प्रश्नावर ‘जाळावेत’ म्हणणारा एकही वक्ता आपल्याला आढळला नाही, सर्वांना चिंता ग्रंथांची, सिसेरोची कोणालाच नाही, असा शेरा सेनेकाने मारला आहे. सारा दोष बिनदिक्कत अँटनीच्या माथी बसे. ठार मारावयाच्या माणसांच्या ज्या यादीत सिसेरोचे नाव होते, ती काढणाऱ्या तिघांत ऑगस्टसही होता. पण तो आता सिंहासनाधीश होता, आणि या विषयावर बोलणाऱ्यांना आपण कोठे थांबावे हे कोणी सांगावे लागत नसे.

कधी विषय दूरचा निघे आणि श्रोताच जवळचा. एका आजोबाने हीनकुलीन नातवाला दत्तक घेतल्याचा दावा होता, आणि लाट्रोचे भाषण ऐकण्यास स्वतः ऑगस्टस व त्याचा जावई अग्रिप्पा बसले होते. अग्रिप्पा पराक्रमाने थोर झालेला, जन्माने नव्हे; आणि त्याच्या पुत्रांना, म्हणजे आपल्या नातवांना, ऑगस्टस दत्तक घेणार अशी त्याच सुमारास बोलवा होती. ते दत्तविधान इ. स. पूर्व १७ मध्ये झालेही. अशा मुहूर्तावर लाट्रो बोलता बोलता अगदी खालच्या थरातून उच्च कुळात कलम केलेल्या मुलाच्या वर्णनावर आला. तेव्हा ऑगस्टसचा विश्वासू मीसेनस याने त्याला खूण केली, की महाराजांना घाई आहे, आटोपते घ्या. काही लोक म्हणत, की ऑगस्टसच्या ध्यानात न आलेली गोष्टही या खुणेने नेमकी ध्यानात आणून दिली, आणि मीसेनसचा हेतूही तोच होता. मला हा तर्क पटतो. दरबारी माणसाची सभ्यता पुष्कळदा याच जातीची असते. ऑगस्टसने मात्र मनावर घेतले नाही.

पुढच्या सम्राटांपाशी एवढी सबुरी नव्हती. जुलमी सत्ताधीशाचा वध हा शाळांतला सर्वांत झिजलेला विषय, ज्युव्हेनलच्या मते तर शिक्षकाचा जीव घेणारा. परंतु त्याच विषयावर सराव म्हणून बोललेल्या कारिनास सेकुन्डुसला इ. स. ३९ मध्ये कॅलिग्युलाने हद्दपार केले, आणि इ. स. ९१ च्या सुमारास डोमिशिअनने माटेर्नुस नावाच्या वक्त्याला ठार मारविले, ते अशाच सरावातल्या भाषणावरून.

याच डोमिशिअनच्या घरच्या दोन मुलांना शिकविण्याचे काम क्विन्टिलिअन करीत होता. वक्तृत्वावरील त्याचा बारा भागांचा ग्रंथ माटेर्नुसच्या मृत्यूनंतर चार-पाच वर्षांत पुरा झाला. त्यात तो विषय निवडण्याविषयी गुरुजनांना सांगतो, की जादूगार, रोगराई व सावत्र आया यांचा सोस कमी करावा, खटले अधिक गुंतागुंतीचे रचावेत, रोजच्या बोलीतल्या शब्दांना इतके भिऊ नये, थोडा विनोदही चालू द्यावा. आणि या मागण्यांत, जणू इतरांसारखीच साधी असावी अशा रीतीने, त्याने आणखी एक घातली आहे : विषयांतल्या माणसांना नावे देण्याची चाल पडावी.