दोन चाकांवरून चार चाकांवर : जॉन सर्टीसची कारकीर्द

मोटारसायकल आणि मोटार या दोन्ही शर्यतींत सर्वोच्च श्रेणीचे विश्वविजेतेपद मिळवणारा आजवरचा एकमेव स्पर्धक म्हणजे इंग्लंडचा जॉन सर्टीस (१९३४–२०१७). दक्षिण लंडनमध्ये मोटारसायकलींचे दुकान चालवणारे त्याचे वडील साइडकारच्या, म्हणजे बाजूला तिसऱ्या चाकावरची बैठक जोडलेल्या गाडीच्या, शर्यतींत भाग घेत. त्यांच्या हाताखाली तयार झालेला हा मुलगा सोळाव्या वर्षी व्हिन्सेंट कंपनीच्या स्टीव्हनेज येथील कारखान्यात उमेदवारीला लागला. यंत्राच्या अंतरंगाची ही जाण त्याच्या पुढील यशाचा खरा पाया होती.

१९५६ मध्ये इटलीच्या एमव्ही अगुस्ता संघात येताच त्याने ५०० सीसी गटाचे (सीसी म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांचे घन सेंटिमीटरमधील आकारमान) विश्वविजेतेपद मिळवले आणि १९५८ ते १९६० अशी सलग तीन वर्षे ५०० व ३५० सीसी हे दोन्ही गट जिंकून एकूण विजेतेपदांची संख्या सातवर नेली. १९५७ च्या अखेरीस जिलेरा, मोटो गुझी यांसारख्या कंपन्यांनी माघार घेतल्याने चुरस ओसरली होती, हे खरे; परंतु आईल ऑफ मॅन बेटावरील 'टीटी' शर्यतीत स्पर्धकांना अंतराअंतराने सोडले जाते व प्रत्येकाची झुंज घड्याळाशी असते, त्यामुळे दगडी कुंपणे आणि घरे यांमधून जाणाऱ्या सुमारे ६० किलोमीटरच्या त्या वळसेदार रस्त्यावर, १९५९ मध्ये तर झोडपणाऱ्या पावसात, त्याने मिळवलेल्या विजयांचे मोल या माघारीमुळे उणावत नाही.

१९६० मध्ये मोटारसायकलींच्या शर्यती सुरू असतानाच तो मोटारींकडे वळला आणि फॉर्म्युला वनच्या अवघ्या दुसऱ्या अजिंक्यपद शर्यतीत, सिल्व्हरस्टोन येथे, दुसरा आला. १९६३ पासून तो फेरारी संघात होता. १९६४ च्या विश्वविजेतेपदाचा निर्णय मेक्सिको सिटीतील अखेरच्या शर्यतीवर येऊन ठेपला, तेव्हा ग्रॅहॅम हिलचे ३९, सर्टीसचे ३४ आणि जिम क्लार्कचे ३० गुण होते. हिलच्या गाडीला सर्टीसचाच सहकारी लॉरेंझो बांदिनी याची धडक बसून तो मागे पडला. आघाडीवरील क्लार्कच्या इंजिनातील तेल अगदी शेवटी संपले. तरीही तिसऱ्या क्रमांकाचे ४ गुण सर्टीसला पुरणारे नव्हते, म्हणून बांदिनीने अखेरच्या फेरीत त्याला पुढे जाऊ दिले. दुसऱ्या क्रमांकाच्या ६ गुणांनी त्याची बेरीज ४० झाली. वर्षभरात हिलने प्रत्यक्षात ४१ गुण मिळवले होते, पण सर्वोत्तम सहाच निकाल धरण्याच्या नियमामुळे त्याचे ३९ मोजले गेले. अशा निसटत्या फरकाला नशीब म्हणणे सोपे आहे; मात्र त्या वर्षी न्यूरबर्गरिंग आणि मॉन्झा या दोन्ही शर्यती सर्टीसने स्वबळावर जिंकल्या होत्या.

१९६५ मध्ये कॅनडातील मॉस्पोर्ट येथे भीषण अपघातात जबर जखमी होऊनही त्याने पुढच्याच वर्षी बेल्जियममधील स्पा येथे भर पावसात विजय मिळवला. त्यानंतर लवकरच संघव्यवस्थापकाशी बिनसल्याने त्याने फेरारी सोडली. पुढे १९७० मध्ये त्याने स्वतःच्या नावाच्या फॉर्म्युला वन मोटारी बांधल्या, आणि त्याच्याच कारखान्यातील मोटार चालवून १९७२ ची युरोपीय फॉर्म्युला टू स्पर्धा जिंकणारा माइक हेलवुड हाही एमव्ही अगुस्तावर विश्वविजेता झालेला मोटारसायकलपटूच होता.