शून्याच्या उंबरठ्यावरील रोध

धातूची तार विजेला वाट देते, तशी ती तिला थोडीशी अडवितेही. या अडवणुकीस रोध म्हणतात. लांब व बारीक तारेचा रोध मोजणें फारसें अवघड नाहीं. परंतु एक मीटर लांबीच्या आणि एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या तांब्याच्या कांबीचा रोध किती असावा? एका ओहमचे दहा हजार भाग केले, तर त्यांतील दोन भागांहूनही कमी! एवढा अल्प रोध मोजण्याची गरज कोणास पडली, आणि ती कशी भागली?

१८५७-५८ सालीं अटलांटिक महासागराच्या तळाशीं पहिली तारायंत्राची केबल टाकण्याचा उद्योग चालला होता. त्या कंपनीचे एक संचालक, ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढें लॉर्ड केल्व्हिन, यांना १८५७ सालीं असें आढळलें कीं, बाजारांत मिळणारें सर्व तांबें सारखें नसतें. दिसण्यांत एकरूप असलेल्या तारांच्या वाहकतेंत मोठी तफावत पडते. १८५८ च्या ऑगस्टमध्यें केबलवरून संदेश गेले. पण ती आधींच दुबळी होती, आणि कंपनीचे विद्युत्तज्ज्ञ व्हाइटहाउस यांनीं तिला सुमारें २००० व्होल्टपर्यंत दाब दिला. कांहीं आठवड्यांतच ती मुकी झाली. दाब वाढवून दोष झांकत नाहीं; तार आधीं पारखून घ्यावी लागते, हा धडा फार महाग पडला.

पण पारखावयाचें कसें? १८४३ सालीं व्हीट्स्टन यांनीं प्रसिद्धीस आणलेल्या सेतूनें मध्यम रोध उत्तम मोजतां येत. आखूड, जाड तारेपुढें मात्र तो लटका पडे. कारण जोडणीच्या स्क्रूंचा व जोडतारांचा रोधच मूळ रोधाहून मोठा निघे. गोणीसकट तोळाभर सोनें तोलावें, तसाच तो प्रकार! १८६१ च्या सुमारास थॉमसन यांनीं दुहेरी सेतूची युक्ति काढली. कांबीच्या बाहेरील दोन टोकांतून प्रवाह न्यावयाचा, आणि आंतील दोन बिंदूंमधील दाबाचा फरक निराळ्या तारांनीं पाहावयाचा. या दुसऱ्या वाटेनें प्रवाह अगदींच थोडा जातो. म्हणून तेथील जोडणीचा रोध हिशेबांत जवळजवळ येतच नाहीं.

तरी एक अडचण उरलीच. वरील कांबीतून एक अँपिअर प्रवाह गेला, तर दाबाचा फरक एका मिलिव्होल्टच्या पांचव्या हिश्शाहूनही कमी पडतो. १०० अँपिअर गेले, तर तो सुमारें १७ मिलिव्होल्ट होतो. म्हणजे येथें हवा तो मोठा दाब नव्हे, मोठा प्रवाह. १८३६ च्या डॅनियल घटाला स्वतःचाच अंतर्गत रोध इतका असे कीं, तो एवढा प्रवाह देऊं शकत नसे. १८५९ सालीं फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनीं शिशाच्या पत्र्यांचा संचायक घट केला. त्याचा दाब अवघा दोन व्होल्ट. परंतु अंतर्गत रोध अत्यल्प. असे घट समांतर जोडून जाड तांब्याच्या पट्ट्यांनीं प्रवाह नेला, म्हणजे काम साधे. मात्र प्रवाह फार वेळ ठेवावयाचा नाहीं. कांब तापते, आणि दर अंशास तांब्याचा रोध शेंकडा सुमारें ०.४ नें वाढतो. शिवाय निरनिराळ्या धातूंच्या सांध्यांत उष्णतेनें सूक्ष्म दाब उत्पन्न होतो. म्हणून प्रवाह उलटा करून पुन्हां मोजावयाचें व दोहोंची सरासरी घ्यावयाची.

याच मार्गाची खरी कसोटी हॉलंडांतील लायडन येथें लागली. हाइके कामर्लिंग ओनेस यांनीं १९०८ सालीं हेलियम द्रवरूप केला होता. ८ एप्रिल १९११ रोजीं त्यांच्या प्रयोगशाळेंत शुद्ध पाऱ्याचा रोध उणें २६९ अंशांच्या सुमारास एकाएकीं नाहींसा झाला. खरोखरच नाहींसा झाला, कीं यंत्रास दिसेनासा झाला? शंका फेडण्यासाठीं त्यांनीं प्रवाह वाढवीत नेला. कारण प्रवाह जितका मोठा, तितका लहान रोध उघडकीस यावा. पण एका मर्यादेपलीकडे प्रवाह जातांच रोध पुन्हां प्रकट झाला! मोजणाऱ्या प्रवाहानेंच मोजावयाची वस्तु मोडली.

तेव्हां ओनेस यांनीं वाटच बदलली. १९१४ सालीं शिशाच्या तारेचें बंद वेटोळें द्रव हेलियमांत ठेवून त्यांत चुंबकाच्या साहाय्यानें प्रवाह उत्पन्न केला आणि चुंबक काढून घेतला. जवळ ठेवलेली होकायंत्राची सुई ढळलेली ती ढळलेलीच राहिली. घट नाहीं, पुरवठा नाहीं, तरी तासांमागून तास प्रवाह फिरतच होता. रोध असता, तर तो केव्हांच विझला असता.

विद्युत्केंद्रांतील मोठ्या स्विचांचे स्पर्शबिंदु तपासतांना अभियंते आजही बाहेरील दोन टोकांतून १०० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह सोडून आंतील दोन टोकांवर दाब पाहतात. साध्या तांब्याला तो मार्ग पुरेसा आहे. परंतु जेथें रोध शून्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपतो, तेथें प्रवाहाचा जोर वाढवून उत्तर मिळत नाहीं. पुरवठा दूर सारून सुईकडे शांतपणें पाहात बसावें लागतें.