‘आयडेंटिटी’चे मराठी पर्याय : तादात्म्य, ओळख आणि अस्मिता

इंग्रजीतील ‘आयडेंटिटी’ हा शब्द आज वृत्तपत्रापासून शोधप्रबंधापर्यंत सर्वत्र आढळतो. मराठीत मात्र त्याला एकच एक पर्याय नाही. बीजगणितात तो ‘नित्य समानता’ होतो, तर्कशास्त्रात ‘तादात्म्य’, कचेरीत आणि पोलीस ठाण्यात ‘ओळख’ (ओळखपत्र, ओळख परेड), आणि सामाजिक व वाङ्मयीन चर्चेत ‘अस्मिता’. हे शब्द परस्परांचे समानार्थी आहेत असे मानून ते एकमेकांच्या जागी योजले जातात. त्यांचा इतिहास पाहता हे समानार्थित्व वरवरचे ठरते.

मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थही स्थिर नाही. ‘तोच’ या अर्थाच्या लॅटिन ‘इडेम’शी त्याचे नाते आहे. जॉन लॉकने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत या विषयावर स्वतंत्र प्रकरण घातले. कालचा मनुष्य आणि आजचा मनुष्य एकच कशावरून, हा त्याचा प्रश्न होता. विसाव्या शतकाच्या मध्यास एरिक एरिक्सनच्या लेखनातून हा शब्द मानसशास्त्रात स्थिरावला, आणि १९७७ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कम्बाही रिव्हर कलेक्टिव्हच्या निवेदनाने त्याला राजकारणाशी जोडले. वस्तूच्या एकत्वापासून समूहाच्या स्वत्वापर्यंतचा हा प्रवास इंग्रजीत एकाच शब्दाच्या आश्रयाने झाला. मराठीत त्यासाठी निरनिराळे शब्द पुढे आले आणि प्रत्येकाने आपली परंपरा बरोबर आणली.

‘तादात्म्य’ हा शब्द मराठी समीक्षेला जुना परिचित आहे. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्यसंमेलनात मांडलेली सविकल्प समाधीची उपपत्ती या कल्पनेवरच उभी आहे. वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो आणि या दुहेरी अनुभवातून वाङ्मयानंद निर्माण होतो, असा तिचा आशय. या उपपत्तीत वाचकाला स्वतःची अशी निश्चित भूमिका आहे हे गृहीत धरलेले आहे. ज्या समाजाचे स्वतःचे चित्र साहित्यात कधी आलेच नाही, त्या समाजातील वाचकाने कोणाशी तादात्म्य पावावे, हा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही.

‘ओळख’ हा शब्द व्यवहारातला. ओळख पटते, ओळख विचारली जाते, ओळख द्यावी लागते. या सर्व प्रयोगांत समोर दुसरा कोणीतरी असतो आणि निवाडा त्याच्या हाती असतो. गावगाड्यात ‘नाव काय?’ या प्रश्नामागोमाग ‘आडनाव काय?’ हा प्रश्न येतो, तेव्हा विचारणाऱ्याला हवी असते ती जात. ओळख ही अशा वेळी मनुष्याची स्वतःची राहत नाही. ती त्याच्यावर लादलेली असते.

‘अस्मिता’चा इतिहास याहून विलक्षण आहे. पातंजल योगसूत्रांत अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश हे पाच क्लेश सांगितले आहेत. द्रष्टा आणि दर्शनाचे साधन एकच वाटणे ही अस्मिता. साधकाने ती क्षीण करावयाची. बौद्ध परंपरेतही ‘अस्मिमान’, म्हणजे ‘मी आहे’ हा अभिमान, त्याज्य मानला आहे. आधुनिक काळात या शब्दाचे मूल्य पालटले. गुजरातीत क. मा. मुनशी यांनी ‘गुजरातची अस्मिता’ ही कल्पना रूढ केली. मराठीतही तो प्रादेशिक आणि भाषिक अभिमानाचा वाचक झाला. जो क्लेश होता, तो गौरव ठरला.

या अर्थांतराला निर्णायक वळण मिळाले ते औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. याच वातावरणातून १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एक त्रैमासिक निघाले. त्याचे नाव प्रथम ‘अस्मिता’ आणि पुढे ‘अस्मितादर्श’. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते दीर्घकाळ चालविले आणि दलित लेखकांच्या पिढ्या त्यातून पुढे आल्या. नावातील संधी सोडविली तर ‘आदर्श’ हे पद मिळते, आणि संस्कृतात आदर्श म्हणजे आरसाही. ओळख दुसऱ्याच्या नजरेतून येते. आरशात मनुष्य स्वतःला पाहतो. या दृष्टीने हे नाव एका वाङ्मयीन भूमिकेचे सूत्र ठरते.

येथे एक विरोध दिसतो. मिलिंद आणि नागसेन ही नावे ज्या ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथातून येतात, त्यात नागसेन राजाला रथाचे उदाहरण देऊन सांगतो की चाक, आस, दांडी यांपैकी एकही रथ नव्हे. तसेच नावामागे कोणी अचल ‘मी’ नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत तीच नसते आणि वेगळीही नसते. अनात्मवाद सांगणाऱ्या या परंपरेचा १९५६ मध्ये स्वीकार करणाऱ्या समाजाने ‘मी आहे’ असे म्हणणारा शब्द का उचलावा? उत्तर व्याकरणात सापडते. ‘तादात्म्या’चा पाया ‘तद्’ हे तृतीय पुरुषातील सर्वनाम आहे. ‘अस्मिता’चा पाया ‘अस्मि’ हे प्रथम पुरुषी क्रियापद. ज्याच्याविषयी शतकानुशतके इतरांनीच तृतीय पुरुषात बोलावे, त्याच्या दृष्टीने प्रथम पुरुषात बोलणे हीच मुक्तीची पहिली पायरी होय. ‘मी’चा त्याग करण्यासाठी तो आधी हाती असावा लागतो.

परंतु या शब्दाची मर्यादाही याच शहराने दाखविली. निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या नावाशी प्रदेशाचा अभिमान निगडित होता, तो या पार्श्वभूमीवर. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर भीषण अत्याचार झाले. एका बाजूने आंबेडकरांचे नाव ही अस्मिता होती, दुसऱ्या बाजूने मराठवाडा हे नाव. १४ जानेवारी १९९४ रोजी दोन्ही नावे एकत्र आली, आणि ‘नामांतर’ या शब्दाच्या जागी ‘नामविस्तार’ हा शब्द आला. अंतर आणि विस्तार यांतील फरक सोळा वर्षांच्या संघर्षाचा होता.

‘अस्मि’ हे एकवचन आहे. समूहाची अस्मिता म्हणताना त्याचे अनेकवचन करावे लागते, आणि मराठीत त्यासाठी दोन सर्वनामे आहेत : ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’. इंग्रजीला हा भेद सर्वनामाने दाखविता येत नाही. १९७८ मध्ये ज्या वस्त्या जळाल्या, त्या मराठवाड्यातीलच होत्या; तरीही प्रदेशाच्या अस्मितेतील ‘आपण’मध्ये त्यांना जागा मिळाली नाही. म्हणून ‘अस्मिता’ हा शब्द योजणाऱ्या प्रत्येक मराठी समीक्षकाने त्यामागचे सर्वनाम तपासणे अगत्याचे आहे.